खिडकीबाहेरची चटई

गुरुवार, ६ फेब्रुवारी १९९२

दुकानातून आलं —
साखर एक किलो — ८०० शिलिंग
मीठ अर्धा किलो — १५०
रॉकेल एक बाटली — ३५०
साबण, अर्धी वडी — ४००
चहापत्ती, लहान पुडी — १००
आगपेटी — ५०
एकूण १८५०.

यातली साखर घरासाठी नाही, गावसमितीच्या चहासाठी. पैसे घरचे, चहा समितीचा! तीन वर्षांपूर्वी मला ‘बायकांची प्रतिनिधी’ म्हणून समितीत घेतलं तेव्हा वाटलं होतं, मॅट्रिक झालेली बाई म्हणून घेतलं. आता कळलं, चूल जवळ होती म्हणून घेतलं.

आज शाळेच्या खोलीत बैठक. आठ पुरुष आत बाकांवर. मी बाहेर, खिडकीखाली, चटईवर. गेल्या वर्षापासून माझी जागा तीच. चेअरमन सेब्बोवाने दोन बायका असताना तिसरी केली, ती आमच्या एरिनाअक्काची एडिसा. अक्काची मुलगी म्हणजे माझीच. मावशी म्हणजे आई, आणि आई म्हणजे सासू. सासू-जावयाने एका छपराखाली बसायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, चुकून धक्का लागला तर जावयाला ओबुको लागतो आणि मरेपर्यंत हात थरथरतात. सेब्बोवाच्या आजोबांचे थरथरायचे. त्यामुळे हा गडी सापाला भिणार नाही एवढा मला भितो.

माझं वय सत्तेचाळीस, जावई पंचावन्नचा!

मी खिडकीतून मुद्दा मांडला. वीटभट्टीवाले झऱ्याच्या डोक्यावरच माती खणतात, पाणी चिखलाचं झालंय, त्यांना हलवा. जावयाने सासूशी थेट बोलायचं नाही, म्हणून सेब्बोवा चिटणिसाला सांगतो, “सासूबाईंना कळवा, त्यांचा शब्द आम्हाला देवाचा.”

मग सगळे चहा प्याले आणि उठले. देवाचा शब्द कपाच्या तळाशी राहिला, न विरघळलेल्या साखरेसारखा. ती पण माझीच.

शुक्रवार, ७

झरा गढूळच. खालच्या दलदलीपर्यंत जाऊन पाणी आणलं. एडिसा तिथेच भेटली, डोक्यावर डबा. चेहरा उतरलाय पोरीचा. म्हटलं, “जेवतेस ना?” म्हणाली, “जेवते, मावशी, पण पोटात ठरत नाही.” हे असलं पाणी पिऊन कुणाच्या पोटात काय ठरणार!

भट्टीवाल्याकडून सेब्बोवाच्या नव्या घराला विटा गेल्यात. फुकट गेल्यात हे सगळ्या गावाला माहीत, आणि सगळं गाव त्या विटांचं कौतुक करतं.

रविवार, ९

उपासनेत शास्त्र वाचणाऱ्यांनी सांगितलं, स्त्री ही घराचा खांब आहे. छान. खांबाला कधी कुणी विचारतं का, छपरावर पत्रा घालू की गवत?

नंतर माता संघ. ताबिसा आली होती. फाटकाबाहेर सायकल लावून, सगळ्यांदेखत टांग मारून उतरली. विधवा. म्हणजे लोक विधवा म्हणतात. देवळात अंगठी घालून लग्न कधी झालंच नव्हतं तिचं. तिठ्यावर केळ्याची दारू विकते. पुरुषांत खुर्चीवर बसते, हसते तर अख्ख्या तिठ्याला ऐकू जातं. आणि ही बाई म्हणते, “महिनाअखेर निवडणूक आहे, मी चेअरमनला उभी राहते. माता संघाने माझ्यामागे रांग लावावी.”

पाळकांच्या बायकोने विचारलं, “अंगठी?”

ताबिसाने हात पसरून दाखवले. “अंगठी नाही. पण झऱ्याचं पाणी मीही तेच पिते.”

मी खजिनदार. मला मत विचारलं. म्हटलं, जिची पिंपं बघून लोक घरचा रस्ता विसरतात तिच्यामागे संघ उभा राहणार नाही. बायका माना डोलवत होत्या. त्यातल्या निम्म्यांचे नवरे त्याच पिंपाचे गिऱ्हाईक.

ताबिसा रागावली नाही. “मॅट्रिकबाई,” म्हणाली, “मग तुम्हीच का नाही उभ्या राहत?” आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. आमच्यात एक गोष्ट पटकन जमते, ती म्हणजे एकमेकींना हसणं.

बुधवार, १२

हे तिठ्यावरून आले ते हसतच. (हे मास्तर होते, आता पेन्शनीत. दारू पीत नाहीत, फक्त पिणाऱ्यांत बसतात.) म्हणाले, सेब्बोवाने आज ताबिसाला तिच्याच बाकावर बसून गप्प केलं.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, दाखल्यासाठी, सहीसाठी, भांडणासाठी सगळं गाव चेअरमनच्या दारात येतं. ताबिसाचे दोन जावई याच गावात. सासू चेअरमन झाली तर त्यांनी काय करायचं? दाखला कुंपणावरून फेकणार का?”

म्हटलं, “आणि सेब्बोवाला सुना किती? चार. सुनेनेही सासऱ्यापासून लांबच राहायचं असतं. त्यांना दाखला कुठून मिळतो?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

“अगं, ते वेगळं.”

पुरुषांच्या डोक्यात एक कोनाडा असतो. ज्याचं उत्तर देता येत नाही ते सगळं तिथे ठेवतात आणि वर पडदा सोडतात.

गुरुवार, १३

आज घेवडा निवडताना पुन्हा आठवलं. ते वेगळं!

रविवार, १६

पाळकबाबांना दारातच गाठलं. गुडघे टेकून नमस्कार केला आणि विचारलं, “दबोरा झाडाखाली बसून इस्राएलाचा न्याय करायची. तिच्या जावयाला न्याय हवा असला तर तो कसा येत असेल?”

ते विचारात पडले. म्हणाले, “शास्त्रात दबोरेच्या जावयाचा उल्लेख नाही.”

“समितीच्या नियमातही नाही, बाबा.”

म्हणाले, “लोसिराबाई, तुम्ही फार वाचता.” हे ते असं म्हणाले, जसं कुणी म्हणावं, तुम्हाला फार खोकला झालाय.

दानपात्रात १००.

बुधवार, १९

ताबिसा घरी आली. सायकल कॉफीच्या झाडाला टेकवली, ओसरीवर आली आणि यांच्या खुर्चीत बसली! मी चटईवर. मनात म्हटलं, बस बाई, तेवढंच राहिलं होतं. चहा दिला, बिनसाखरेचा.

“लोसिराताई, निवडणुकीत नाव दुसऱ्याने पुकारावं लागतं. पुकारायला एक आणि होकार द्यायला एक. मला दोन तोंडं मिळेनात.”

“तुझ्या बाकावर एवढी तोंडं बसतात.”

“ती पिण्यापुरती उघडतात.” हसली. “तुम्ही पुकारा. तुम्ही म्हटलंत तर बायका रांगेत येतील.”

“मी दारूवालीचं नाव पुकारणार नाही.”

“बरं. मग झऱ्याचं काय?”

“तो मुद्दा मी बैठकीत मांडलाय.”

“खिडकीतून?”

मी तिचा कप पुन्हा भरला. तीच पुढे म्हणाली, “ताई, सेब्बोवाने तुमचं तोंड बंद करायला एडिसा केली, असं तिठ्यावर लोक म्हणतात.”

म्हटलं, “त्याच्यात एवढी अक्कल नाही. पोरगी वयाने लहान दिसली, अक्काला वधूमोलाची गाय दिसली, झालं लग्न. सासू फुकटात बाहेर बसली ती वरकड.”

यावर ताबिसाने कप खाली ठेवला. मग विचारलं, “वाटेत तुम्ही समोरून आलात तर तो काय करतो?”

“काय करणार! झुडपात शिरतो आणि पाठ करून बसतो. परवा खाजकुइलीत बसला होता.”

इतकी हसली की खुर्ची कुरकुरली. यांची खुर्ची! जाताना म्हणाली, “चहा कडू होता, पण आले ते बरं झालं.” उलगडा झाला नाही. असल्या बायकांचं बोलणं अर्धं हवेतच असतं.

सोमवार, २४

बैठक झाली म्हणे. मला निरोप नव्हता. “सासूबाईंना उन्हात कशाला त्रास.” साखरेचा निरोप मात्र वेळेवर आला.

पाठवली नाही. समिती बिनसाखरेचा चहा प्याली. देव त्यांचं भलं करो.

शुक्रवार, २८

निळी गोमेसी, सणाचा पायघोळ झगा, काढली, कोळशाच्या इस्त्रीने खांद्यांची टोकं उभी केली. उद्या निवडणूक. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला निवडायचं त्याच्यामागे उघड्यावर रांगेत जाऊन उभं राहायचं. म्हणजे कुणाची बायको कुठे उभी राहिली हे नवऱ्याला, भावाला, दीराला, सगळ्या गावाला दिसतं. काय सोय आहे!

हे जेवताना म्हणाले, “उद्या आपण सेब्बोवाच्या रांगेत. घर एक, रांग एक.”

“मी जावयाच्या मागे उभी राहू?”

यांचा घास हातातच राहिला. मास्तर होते, पण हे डोक्यात आलं नव्हतं. म्हणाले, “मग तू घरीच थांब.”

“गोमेसीला इस्त्री झालीय.”

“मग लांबून बघ.”

ताबिसाचं नाव कुणीच पुकारणार नाही. सेब्बोवा एकटाच उभा राहणार, टाळ्या वाजणार, झऱ्यावर विटा पडत राहणार. बघायला कशाला जायचं? पण इस्त्री झालीय, आणि कोळसा फुकट येत नाही.

शनिवार, २९

हे नीट लिहून ठेवते. उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

शाळेपुढच्या फणसाखाली सगळं गाव. तालुक्याहून साहेब आलेला. कोवळा, पश्चिमेकडचा, आपल्याकडच्या चालीरीती ठाऊक नाहीत, पण नियमाचा कागद हातात. मातीवर चुन्याने रेघ मारली. म्हणाला, उमेदवार या रेघेवर शेजारी शेजारी उभे राहतील, लोक मागे रांगा लावतील, मी चालत जाऊन मोजीन.

सेब्बोवाचं नाव पुकारलं गेलं. पांढरा पायघोळ कांझू, वर कोट, काठी. रेघेवर जाऊन असा उभा राहिला की जणू फणसही त्यानेच लावलाय. आमचे हे त्याला होकार देणारे.

साहेब म्हणाला, “आणखी कुणी?”

मी पार मागे, आंब्याजवळ, दुसऱ्याच बाजूला तोंड करून. आणि ताबिसाचा आवाज आला, तिठ्यावर जातो तोच!

“मी नाव पुकारते. लोसिरा. मुवांगा मास्तरांची.”

गावाने माना वळवल्या. मी म्हणणार होते, नको. तोंड उघडलंही. तेवढ्यात कुणी होकार दिला? पाळकांच्या बायकोने! तिला विचारलं पाहिजे, अंगठीच्या आत एवढं धाडस कुठे ठेवलं होतं.

साहेब म्हणाला, “बाई, पुढे या.”

मी रेघेच्या दिशेने निघाले, आणि मी दहा पावलांवर असेन, सेब्बोवा रेघेवरून उडाला! काठी पडली. कोटाने तोंड झाकलं आणि फणसाच्या बुंध्यामागे.

साहेब बघतच राहिला. “यांना काय झालं?”

“सासू आहे!” कुणीतरी ओरडलं, आणि हशा असा उठला की वरचे पक्षी उडाले.

झाडामागून सेब्बोवा ओरडतोय, “साहेबांना सांगा, बाई बाजूला होतील! रीत आहे! हात थरथरतील माझे!”

साहेब म्हणाला, “नियमात उमेदवाराने रेघेवर उभं राहायचं आहे. ज्याला जमत नसेल त्याने माघार घ्यावी.”

“मग तिला घ्यायला सांगा!”

तेव्हा लोकांनी वालुगेम्बे आजोबांना पुढे आणलं. कुळातले सगळ्यांत थोर. डोळ्यांनी दिसत नाही, पण रीत मागायची तर त्यांच्याकडेच. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग झाडाकडे तोंड करून म्हणाले, “सेब्बोवा, वाटेत सासू समोरून आली तर वाट कोण सोडतं?”

झाड गप्प.

“बोल, बाबा. सासू झुडपात शिरते का?”

“...जावई.”

“मग तू झुडपात आहेस तिथे ठीक आहेस. वाट सासूची.”

ताबिसा माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. तेव्हा कुठे मला तिचा तो कडू चहा उलगडला. वर्षभर मी त्या चटईवर बसून रीतीला शिव्या घातल्या, आणि रीत उलटी धरली तर कापते हे मला सुचलं नाही. मी मॅट्रिक, आणि सुचलं पिंपवालीला!

साहेबाने सेब्बोवाला झाडामागे उभं राहायची परवानगी दिली, पण रांग त्याच्यामागेच लागली पाहिजे म्हणाला. त्याच्यामागे शाळेची मुतारी आणि कॉफीचा मळा. सासूला भिऊन लपलेल्याच्या मागे, मुतारीजवळ, लाल मुंग्यांत उभं राहायला माणसं फार निघाली नाहीत. त्याचे मित्र गेले. देणेकरी गेले. चारी सुना जागच्या हलल्या नाहीत; सासऱ्याच्या जवळ उभं राहायचं नसतं! नवरे डोळे वटारत होते, त्या जमिनीकडे बघत होत्या. रीत पाळत होत्या बिचाऱ्या.

माझ्यामागे आधी ताबिसा. मग पाळकांची बायको, मग माता संघ, मग ज्यांच्या डोक्यावर रोज डबा असतो त्या सगळ्या. एडिसा आली नाही. शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर हात.

साहेब एकेका खांद्याला हात लावत मोजत गेला. आमची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती. परत यायला त्याला वेळ लागला.

आमचे हे सेब्बोवाच्या रांगेत होते. मुतारीजवळ. मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं की मी पाहिलं.

घरी आलो. उकडलेल्या केळ्यांचे मटोके आणि शेंगदाण्याचं कालवण केलं. कालवणात मीठ घातलं नाही. विसरले नव्हते. ते निमूट जेवले.

रविवार, १ मार्च

पाळकबाबांनी राज्य करणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. गावच्या चेअरमनचं नाव दर रविवारी घेतात. आज ‘इतर सर्वांसाठी’ म्हणाले. मी इतर सर्वांत होते.

गुरुवार, ५

पहिली बैठक. मी आत, टेबलामागे. टेबल डुगडुगतं; दोन वर्षं बाकावर आणि एक वर्ष बाहेर बसून हे कळलं नव्हतं.

सेब्बोवाला पुरुषांनी उपाध्यक्ष करून घेतलंय, म्हणजे लगाम हातात राहावा. पण मी आत तर तो आत कसा येणार? खिडकीखाली चटईवर बसला. माझीच चटई! घडी पडलेल्या जागीच बसला असेल. दर मुद्द्याला बाहेरून आवाज, “सासूबाईंना कळवा, यात घाई नको.” मी चिटणिसाला सांगितलं, “उपाध्यक्षांना कळवा, त्यांचा शब्द आम्हाला देवाचा.” आणि पुढचा मुद्दा घेतला.

चिटणिसाला खोकला आला. खोकलाच असावा.

चहा आला. खिडकीबाहेर कप द्यायला कुणी उठेना. वर्षभर मला कुणी दिला होता?

साखर समितीच्या पैशाने. हा पहिला ठराव.

शुक्रवार, ६

भट्टीवाला आला. मोठा माणूस, हातात घड्याळ. मी अंगणात गुडघे टेकले, नमस्कार केला, घरच्यांची, गुरांची, प्रवासाची विचारपूस केली, आपल्याकडे करतात तशी सगळी. तो खूश. म्हणाला, “सेब्बोवा म्हणाला होता, आता कठीण आहे. बाई तर चांगल्या वळणाच्या दिसतात.”

मग त्याने माती विचारली. मी गुडघ्यांवरच होते. म्हटलं, “नाही. सोमवारपर्यंत भट्टी ओढ्यापलीकडे हलवा, नाहीतर तालुक्याच्या साहेबाला बोलावते.”

त्याला कळेना, नकार नेमका आला कुठून. वर बघत होता.

ताबिसा नंतर म्हणाली, “चेअरमनने गुडघे टेकू नयेत.” तिला काय कळतं! मुलीच्या जातीला आत्या लहानपणी हेच शिकवते, नमस्कार वाकून करावा. नकारही वाकून करता येतो हे आत्याने शिकवलं नाही, ते माझं मला सापडलं.

बुधवार, ११

भट्टी हलली. झऱ्यात तळ दिसला. खडे दिसले! दोन डबे भरून आणले, स्तोत्र म्हणत.

सेब्बोवाला तिठ्यावर ‘खिडकी’ म्हणतात असं यांच्याकडून कळलं. “आले का खिडकी?” “खिडकी, उघडा जरा, वारा येऊ दे.” हे सांगताना हे हसत होते. त्याच माणसाच्या रांगेत उभे होते ना? विचारलं तर म्हणाले, “ते वेगळं.”

कालवणात मीठ घालते आहे. पण मोजून.

शनिवार, १४

एडिसा दारात. गादीची गुंडाळी, पत्र्याची पेटी. सेब्बोवाने घालवून दिलं. म्हणाला, “तू माझी बायको नाहीस, म्हणजे ती माझी सासू नाही. एक तारखेच्या बैठकीला मी आत बसणार.”

हे त्याच्या डोक्यात येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ताबिसाच्याही नाही. आम्ही फणसाखाली हसत होतो तेव्हा पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिला बहुतेक तेव्हाच कळलं होतं.

ते पोटात न ठरणं पाण्यामुळे नव्हतं. तिसरा महिना आहे. त्याला सांगितलेलं नाही. पोर झालं की सासू-जावयाचं नातं कुणाला मोडता येत नाही, वालुगेम्बे आजोबांनासुद्धा. म्हणजे मी एक शब्द बोलले तर तो मरेपर्यंत खिडकीबाहेर. आणि एडिसा मरेपर्यंत त्याच्या घरात. गप्प राहिले तर पोरगी सुटते, आणि तो एक तारखेला माझ्यासमोर बाकावर बसतो, विटा घेऊन.

विचारलं, “परत जायचंय?” मान हलवली. नाही. मग विचारलं, “पोराचं काय सांगायचं?” तिने ताट पुढे ओढलं. भात खाल्ला, झऱ्याचं पाणी प्याली, झोपली.

यांना सांगितलं नाही. अक्काला लिहिलं, पत्राची नक्कल इथे ठेवते —

“एरिनाअक्कास. एडिसा माझ्याकडे आहे, सुखरूप. जावई खिडकीबाहेर ठेवायचा तर लेक त्याच्या घरात घालावी लागते. मी तिला घालणार नाही. तिला दिवस गेलेत, हे त्याला कळवू नकोस, गायीच्या भीतीने तर मुळीच नको. गाय परत मागितली तर मी बघते. तुझ्याकडे त्याचं माणूस येऊन गेलं का, आणि तू काय बोललीस, तेवढं एक तारखेच्या आत उलट टपाली कळव. तिकीट लावलेलं पाकीट आत घातलंय.”

पाकीट आणि तिकिटं — १४०.